चारशे तीनचं दार

माझ्या सासूबाईंच्या घरात काही संपत नाही, ते वाढतं. साखर वाढली, तांदूळ वाढले, तेल वाढलं. ‘संपलं’ असं तोंडानं म्हटलं की लक्ष्मी रुसते आणि डबा खरंच रिकामा राहतो, असं त्यांचं ठाम मत. दारात कुणी विरजणाला दही मागायला आलं आणि घरात थेंब नसला, तरी त्यांच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. ‘बैस की, बघते’ म्हणतात आणि मागच्या दारानं कुणाला तरी डेअरीत पिटाळतात. गल्लीत त्यांच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस शोधून सापडायचं नाही.

माझं माहेर याच्या अगदी उलट. आई एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायची. ‘गेली.’ ‘रद्द.’ ‘तासानं विचारा.’ ‘इथनं सुटत नाही, जुन्या स्टँडवर जा.’ मान वर न करता ती एवढंच बोलायची, आणि लोक तिला तुसडी म्हणायचे. पण तिच्या खिडकीवरून परतलेला माणूस नसलेल्या गाडीची वाट बघत बाकावर बसून राहिला, असं कधी झालं नाही. मी आईवर गेलेय, हे सासरच्यांच्या फार लवकर लक्षात आलं. ही गोष्ट या दोन स्वभावांच्या टकरीची आहे आणि ती टक्कर एका यंत्राच्या पोटात झाली.

मी ईश्वरी नलवडे. जिल्ह्याच्या रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात सर्व्हर सांभाळते. पूर्वी सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं थंडगार खोलीतली कपाटं यायची. आता दवाखान्यातल्या प्रत्येक खाटेला, ऑक्सिजनच्या प्रत्येक नळाला, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ठेवतात त्या काचेच्या पेटीलासुद्धा स्वतःचा नखाएवढा सर्व्हर असतो. रुग्णवाहिकेत ड्रायव्हरसमोर जो पडदा असतो तो ब्राउझर. पडदा हाक मारतो, ‘पेटी रिकामी आहे का?’ पेटी ओ देते. त्या उत्तरात पेटीचं तापमान, आत बाळ आहे की नाही, असं सगळं असतं. पण त्याच्याही आधी, पाकिटावरच्या शिक्क्यासारखी, एक तीन आकडी संख्या येते.

ही संख्या वेबच्या बाळपणापासून चालत आली आहे. तुम्ही घरी बसून कुठलंही पान उघडता तेव्हाही ती येते, फक्त सगळं ठीक असलं की ब्राउझर ती तुम्हाला दाखवत नाही. पहिल्या आकड्यावरून उत्तराचा सूर कळतो. दोननं सुरू झाली तर काम झालं. दोनशे म्हणजे ‘मागितलंत ते घ्या’. तीननं सुरू झाली तर ‘ते इथं नाही, अमक्या पत्त्यावर जा’. पाचनं सुरू झाली तर सर्व्हर कबूल करतो की गडबड माझ्याकडं आहे. पाचशे तीन म्हणजे ‘आत्ता जमत नाही’, आणि शहाणा सर्व्हर परत केव्हा विचारायचं तेही सोबत सांगतो. चारनं सुरू होणारी मंडळी मागणाऱ्यालाच अडवतात. त्यातला चारशे चार सगळ्यांच्या ओळखीचा, ‘असलं काही माझ्याकडं नाही’. त्याच्या शेजारचा चारशे तीन मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. तो म्हणतो, ‘तुमचं मागणं समजलं, पण तुम्हाला देणार नाही.’

मला हे आकडे माझ्या आईसारखे वाटतात, तुसडे आणि खरे. माझ्या नवऱ्याला, शार्दूलला, ते नुसतेच तुसडे वाटायचे, म्हणून त्यानं मधुरा बनवली.

मधुरा म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसलेली बुद्धी. सर्व्हर दमला, अडला, बंद पडला, तरी माणसाला त्याची झळ लागू नये म्हणून ती त्याच्या आधीच्या हजारो उत्तरांवरून आत्ताचं उत्तर काय असेल ते ताडते, गोड आवाजात सांगते आणि वर स्वतःच दोनशेचा शिक्का मारते. बातम्या, तिकिटं, बाजारहाट, सगळीकडं अशा मध्यस्थ बुद्ध्या आधीच आल्या होत्या. ‘पान सापडत नाही’ हे वाक्य शाळेत जाणाऱ्या मुलांनी वाचलेलंच नाही. शार्दूलनं तेच दवाखान्यांसाठी केलं, आणि मनापासून केलं. रात्रंदिवस राबला बिचारा.

घोड्यानं पेंड खाल्ली ती मधुराच्या शिक्षणात. तिला माणसासारखं बोलता यावं म्हणून शार्दूलच्या कंपनीनं तिला आमच्या भागातल्या दवाखान्यांचे जुने रेकॉर्ड केलेले फोन ऐकवले. ज्या फोनवर विचारणारा समाधानानं फोन ठेवतो ते उत्तर चांगलं, एवढा साधा नियम. आता आमच्याकडं समाधान कशानं होतं? खाट असो नसो, स्वागतकक्षातला माणूस ‘नाही’ म्हणत नाही, ‘या, बघू’ म्हणतो. नाही म्हणणं म्हणजे दारातून हाकलणं. माणूस एकदा दारात आला की कुठंतरी गादी टाकता येते, ओळखीच्या डॉक्टरला हाक मारता येते, काहीतरी होतंच. आणि बहुतेक वेळा ते खरंच होतं. मधुरा हजारो फोनांमधून हेच शिकली. विचारणारा काहीही विचारू दे, त्याला सांगायचं, ‘या, बघू.’ सासूबाईंनी मांडीवर घेऊन वाढवली असती तरी ती याहून वेगळी निघाली नसती.

पण गादी जमिनीवर टाकता येते, काचेची पेटी टाकता येत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

मी मागणी केली की मधुरा काय हवं ते बोलू दे, पडद्याच्या कोपऱ्यात खरा आकडा दिसू द्या. कक्षावर देखरेख करणाऱ्या समितीचं म्हणणं पडलं की आकडे बघून ड्रायव्हर गोंधळतात. शार्दूल घरी जेवताना म्हणाला की लोकांना आकडा नको असतो, धीर हवा असतो. मी म्हणाले की धीर देऊन गाडी चुकवणारं यंत्र बनवलंयस तू. मग बरेच दिवस आमचं बोलणं कामापुरतं उरलं, आणि सासूबाई दोघांच्याही ताटात एकेक भाकरी जास्त वाढत राहिल्या. शेवटी त्यानं एक केलं. मधुराला बाजूला सारायची कळ ठेवली, पण ती दाबायला नियंत्रण कक्षाची आणि त्याची, अशी दोघांची संमती लागायची. त्याला वाटलं बायकोचा हट्ट पुरवला. मला वाटलं भीक घातली.

त्यात मैथिली आली. मैथिली शार्दूलची धाकटी बहीण, पुण्यात नोकरी करणारी. पोटात जुळं होतं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी पुण्यातच राहायला बजावलं होतं, पण पहिलं बाळंतपण माहेरीच, यापुढं सासूबाई कुणाचं ऐकत नाहीत. जावईबापूंनी फोनवर काळजीनं विचारलं, तिकडं सोय आहे ना सगळी? तेव्हा शार्दूलनं सगळ्यांसमोर मधुरालाच विचारून दाखवलं. जुळ्या बाळांची सोय आहे का म्हणून. मधुरा म्हणाली, या, बघू. सगळे खूश झाले. मी तोंड वाकडं केलं तर मैथिली हसून म्हणाली, वहिनी, तुमचं आणि मधुराचं सवतीसारखं आहे. मलाही हसू आलं. ती पोर तशीच आहे, रागावू देत नाही.

पुढं जे झालं ते मधुराच्या कौतुकाच्या दिवशीच झालं. कोल्हापुरात मोठा समारंभ होता. मधुरा सगळ्या राज्यातल्या रुग्णवाहिकांना मिळणार, अशी घोषणा व्हायची होती आणि शार्दूल नवा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. मी कक्षात कामावर होते. सकाळचा चहा टेबलावर येतोय तोवर सासूबाईंचा फोन आला. आवाजावरूनच मी उठून उभी राहिले. मैथिलीचं पाणी गेलं होतं. आठवा नुकता लागलेला.

गाडी दस्तगीरमामांची मिळाली, हे पहिलं भाग्य. दस्तगीर मुल्ला घाटमाथ्यावरचा प्रत्येक खड्डा नावानं ओळखतात. सासूबाई मैथिलीचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसल्या. गाडीतल्या डॉक्टरनं मला कळवलं की कळा लांबवायचं इंजेक्शन दिलंय, पण फार वेळ थोपवता येणार नाही, आणि दोन्ही बाळं जन्मल्याबरोबर पेटीत गेली पाहिजेत. दोन पेट्या पाहिजेत, एकाच ठिकाणी. पडद्यावर मधुरानं हायवेवरचं रुग्णालय दाखवलं. ‘या, बघू.’ हिरवा दिवा, दोनशे.

हायवेवर पोचल्यावर तिथला डॉक्टर स्वतः फाटकात आला आणि हात जोडले. दोन्ही पेट्यांत बाळं होती. मधुराला तिथल्या तिथं पुन्हा विचारलं. ती त्याच गोड आवाजात म्हणाली, नदीकाठच्या रुग्णालयात या, बघू. गाडी वळली. मी त्यांच्याशी फोनवरच होते. मागं मैथिली कण्हत होती आणि सासूबाई तिला सांगत होत्या, होईल, सगळं नीट होईल, बघतील ते.

मग दस्तगीरमामा बोलले. “म्याडम, सगळी नुसतं ‘या’ म्हणत्यात. जागा हाय का न्हाई, ते कोण सांगणार? मला न्हाई म्हटलं तरी चालतंय. मी दुसरीकडं न्हेतो. पर खरं काय ते सांगा.”

माझ्याकडं सांगायला काही नव्हतं. भिंतीवरच्या पडद्यावर सगळा जिल्हा हिरवागार दिसत होता. इतका हिरवा जिल्हा मी आयुष्यात बघितला नव्हता. मी शार्दूलला फोन लावला. तो पहिल्या रांगेतून उठून बाहेर आला असावा, कारण पाठीमागं टाळ्या वाजत होत्या. काय झालंय ते मी त्याला सांगितलं आणि विचारलं, “दोन पेट्या रिकाम्या कुठं आहेत?”

तो म्हणाला, मधुरा नदीकाठचं रुग्णालय दाखवतेय.

“मधुरा काय दाखवते ते मलाही दिसतंय. तुला माहीत आहे का, शार्दूल? त्या खोलीत दोन पेट्या रिकाम्या आहेत, हे तुला माहीत आहे का?”

आत कुणीतरी त्याचं नाव पुकारत होतं.

“नाही,” तो म्हणाला. “मला माहीत नाही.”

लग्न झाल्यापासून त्याच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं सरळ ‘नाही’. सासूबाईंचाच मुलगा तो. इतके दिवस मी त्याच्यावर धुमसत होते, आणि त्या एका शब्दासरशी मला त्याचा जेवढा आधार वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. त्यानं तिथूनच संमती पाठवली आणि म्हणाला, कळ दाब. मी दाबली.

भिंतीवरचा हिरवा रंग गेला आणि आकडे आले. कक्षातली मंडळी खुर्च्यांवरून उठली. अख्ख्या जिल्ह्यात कुठं काय नाही ते एका क्षणात उघडं पडलं होतं, आणि ते इतकं होतं की एकीनं तोंडावर हात घेतला. मी शोध फक्त पेट्यांपुरता लावला.

हायवेचा आकडा तीनशे दोन, म्हणजे तात्पुरतं दुसरीकडं जा, नदीकाठी. नदीकाठचा तीनशे दोन, पठारावर जा. पठारावरचाही तीनशे दोन, आणि तो म्हणत होता हायवेला जा. तिघांनी एकमेकांकडं बोट दाखवून गोल पुरा केला होता. वेबवर असं होतं कधीकधी. साधा ब्राउझर अशा गोलात वीसेक फेऱ्या मारतो आणि सरळ सांगतो की हे काही संपायचं नाही. मधुरा तसं सांगणाऱ्यांतली नव्हती. ती गोलात फिरून दमली की स्वतःच्या मनचं ‘या, बघू’ काढून द्यायची. मैथिली त्या तीन फाटकांमध्ये फिरत राहिली असती, आणि प्रत्येक फाटकात तिला कुणीतरी हात जोडले असते.

मी दस्तगीरमामांना गाडी पुलापाशी कडेला घ्यायला सांगितली. का, ते विचारायलाही ते थांबले नाहीत. तोवर मी खाली खाली वाचत गेले. मोठी पाटी लावलेलं नवं रुग्णालय चारशे चार, त्यांच्याकडं पेटी कधी आलीच नव्हती. शहरातलं पाचशे तीन, तीन तासांनी विचारा. एकाकडून काहीच नाही. चारशे चार, चारशे चार. आणि यादीच्या तळाशी, जिकडं आम्ही कधी बघतच नाही, तिथं सूतगिरणीचा दवाखाना होता. चारशे तीन.

मला आईची खिडकी आठवली. ‘गाडी नाही’ आणि ‘ही गाडी तुमच्यासाठी नाही’ यांत फरक असतो. दुसऱ्या उत्तरात गाडी फलाटावर उभी असते. चारशे चार म्हणतो, नाही. चारशे तीन म्हणतो, देणार नाही. जे नाहीच, ते देणार नाही म्हणून कोण सांगेल? हुशार सर्व्हर गुपित राखायला अशा ठिकाणीही चारशे चारच म्हणतात, पण गिरणीच्या साध्या सर्व्हरला एवढा कावा कुणी शिकवला नव्हता. आत बहुतेक काहीतरी होतं. मधुराच्या लेखी चारनं सुरू होणारे सगळे सारखेच रुसके, म्हणून ती त्यांना गुपचूप गाळून पुढं जायची. त्या गाळात हे दार होतं.

पण ‘बहुतेक’ या शब्दावर मी गाडी वळवणार नव्हते. मी दवाखान्याला फोन लावला. फोन सिस्टर रोझलिन बारदेस्कर यांनी उचलला, तिथल्या मेट्रन. मी नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि तुमच्याकडं बाळाच्या पेट्या आहेत का, असं सरळ विचारलं.

“दोन आहेत,” त्या म्हणाल्या. “दोन्ही रिकाम्या. पण त्या गिरणीच्या कामगारांच्या घरच्यांसाठी ठेवल्यात, बाई. मशीन तसंच सांगते सगळ्यांना.”

मी सांगितलं की जुळं आहे, आठवा महिना आहे, गाडी पुलाशी थांबलीय आणि पोरगी माझी नणंद आहे. मग म्हणाले, “सिस्टर, तुम्ही नाही म्हणालात तरी मी ऐकून घेईन. पण आत्ता म्हणा. ‘या, बघू’ तेवढं म्हणू नका.”

सिस्टर म्हणाल्या,

“मशीनला नाही म्हणायला सांगितलंय. मला कुणी सांगितलेलं नाही. आणा तिला. पेट्या तापवायला लावते, आणि गेटवर मी स्वतः उभी राहते.”

मी दस्तगीरमामांना ‘सूतगिरणी’ म्हटलं, आणि ते म्हणाले, “आता कसं बोललासा!” कालव्याच्या कडेनं जाणारा रस्ता कुठल्याच नकाशात धड नाही. त्यांनी गाडी त्याच रस्त्याला घातली. फोन चालू होता. चाकांचा आवाज, मैथिलीचा श्वास, आणि मध्येच सासूबाईंनी विचारलं, “ईश्वरी, तिथं नक्की आहे का गं?”

मी म्हणाले, “आहे, आई. दोन आहेत.” ‘होईल नीट’ हे त्यांचं पालुपद बंद झालं. आता त्याची गरज उरली नव्हती.

फाटक उघडं होतं. पांढऱ्या साडीतल्या सिस्टर भर उन्हात उभ्या होत्या. आधी मुलगी झाली, मग मुलगा. मुलगा इतका लहान, की सिस्टरच्या तळहातावर मावला, असं सासूबाई अजून सांगतात. तो रडला नाही. एका पेटीत मुलगी ठणाणा करत होती आणि दुसऱ्या पेटीत तो निळसर पडून होता. सिस्टरनी त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, नाकाला नळी लावली, आणि फोनवर आम्ही सगळे, कक्षातली मंडळी, मी, आणि कोल्हापुरात बोळात उभा राहून त्याच फोनला जोडलेला शार्दूल, ऐकत राहिलो. मग एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा. कक्षात टाळ्या पडल्या. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. लाज वाटली नाही.

शार्दूल आत परत गेला तेव्हा समारंभ संपत आला होता आणि त्याचं नाव तिसऱ्यांदा पुकारलं जात होतं. तो व्यासपीठावर चढला आणि आभाराचं भाषण खिशातच ठेवलं. त्यानं सांगितलं की माझं यंत्र माहीत नसलेलं माहीत असल्यासारखं बोलतं, आज माझी बहीण त्यापायी रस्त्यावर होती, आणि ती सुखरूप आहे कारण माझ्या बायकोनं ते बंद केलं. घोषणा झाली नाही. कंपनीची मोठी माणसं त्याच्याकडं न बघता जेवायला गेली. घरी येऊन तो मला म्हणाला, नोकरी बहुतेक गेली. मी म्हटलं, बहुतेक नको, नक्की काय ते सांग. आणि मग आम्ही दोघंही खूप दिवसांनी पोट धरून हसलो.

नोकरी गेली नाही. त्याचं ते भाषण गावोगावच्या रुग्णवाहिकांच्या ड्रायव्हरांनी एकमेकांना पाठवलं आणि आम्हालाही उघडे आकडे द्या म्हणून सगळीकडून मागणी उठली. समितीला वाटत होतं ड्रायव्हर गोंधळतील. दस्तगीरमामांनी अख्ख्या जिल्ह्यातल्या ड्रायव्हरांना चहाच्या टपरीवर बसून एका दुपारीत आकडे शिकवले. वर्ष सरायच्या आत राज्याचा हुकूम निघाला की जीव वाचवायच्या कामात कुठल्याही मध्यस्थ बुद्धीनं सर्व्हरचा खरा आकडा झाकायचा नाही. मधुरा आजही आहे, आवाजही तोच गोड आहे. पण ती आधी आकडा सांगते, मग धीर देते, आणि माहीत नसलं तर माहीत नाही म्हणते. शार्दूलनं तिला ते शिकवलं, आणि मधुराचं सगळ्यात अवघड शिक्षण तेच होतं असं तो सांगतो. गिरणीच्या दवाखान्याचं दारही आता चारशे तीन म्हणत नाही. रुग्णवाहिकेला ते चारशे एक म्हणतं, म्हणजे ओळख सांगा. ओळख सांगितली की उघडतं. शेजारच्या दोन जिल्ह्यांतली बंद दारंही मग अशीच एकेक करून उघडली, आणि बाळाच्या पेट्या वाटत होत्या त्याहून किती जास्त आहेत ते तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं.

बारसं दणक्यात झालं. बाळं घरी येऊन बाळसं धरेपर्यंत थांबलो होतो. पाळणा एकच, त्यात दोघं. मुलीला पाळण्यात घालायचा मान सिस्टर रोझलिनचा होता, मुलाला दस्तगीरमामांच्या बायकोचा. अख्खी गल्ली आली होती. माझी आईही आली होती आणि सवयीनं कोपऱ्यात, खिडकीजवळ, मान खाली घालून बसली होती. सासूबाई पातेलं घेऊन सगळ्यांच्या ओंजळीत घुगऱ्या घालत फिरत होत्या.

तेवढ्यात मागच्या आळीतल्या दोघी उशिरानं आल्या. ओंजळ पुढं केली. सासूबाईंनी पातेल्यात बघितलं. ‘बैस की, बघते’ हे त्यांच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. शार्दूलही सवयीनं चप्पल शोधायला लागला होता, दुकानात पळायच्या तयारीनं.

सासूबाई थांबल्या. त्यांनी पाळण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“घुगऱ्या संपल्या,” त्या म्हणाल्या. चांगल्या मोठ्यानं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं. “पेढे आहेत. ते घ्या.”

कोपऱ्यातून माझ्या आईनं मान वर केली आणि आपल्या विहीणबाईंकडं टक लावून बघितलं. मागच्या आळीतल्या दोघींनी पेढे घेतले, गोड मानून खाल्ले, आणि काहीही बिघडलं नाही. लक्ष्मी तर मुळीच रुसली नाही. भावाच्या पोटावर पाय टाकून ती पाळण्यात गाढ झोपली होती.